मातागी: बर्फातला म्हातारा, त्याचं अस्वल आणि डोंगराची मालकीण

पाऊलवाट
शनिवार, रात्री ११:५२

परवा एक जुना जपानी चित्रपट पाहिला. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे ओततो. नाव 'मातागी', साल १९८२, दिग्दर्शक तोशिओ गोतो. एका मित्राने हार्ड डिस्क देताना "अस्वलाचा सिनेमा आहे, तुला आवडेल" एवढंच सांगितलं होतं.

गोष्ट दोन ओळींची. उत्तर जपानातल्या आकिता प्रांतात आनी नावाचा डोंगराळ, बर्फाळ भाग आहे. तिथला एक म्हातारा शिकारी एका अजस्र अस्वलाच्या ध्यासाने झपाटलाय. सोबत नातू आणि कुत्रा. बस. शेवट सांगणार नाही. कुणी प्रतिसादात फोडला तर संपादकांना सांगून उडवेन.

मी बसलो होतो साहसपट बघायला. म्हणजे बंदूक, बर्फ, थरार, शेवटी आमनेसामने. पण मातागी म्हणजे नुसता 'शिकारी' नव्हे, हे हळूहळू लक्षात यायला लागलं आणि मग रात्री दोनपर्यंत त्यांच्याबद्दल वाचत बसलो. हे ईशान्य जपानच्या डोंगरांतले पिढीजात शिकारी. मुख्य सावज काळं अस्वल. पूर्वी कामोशिका नावाचं शेळी-हरणासारखं जनावरही मारत, पण १९५५ साली त्याला विशेष संरक्षण मिळालं आणि ती शिकार संपली. हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाला शिकार, उरलेलं वर्ष भातशेती, रानभाज्या, लाकूडफाटा.

त्यांचा डोंगर एका देवीच्या मालकीचा. रानात शिरलं की गावातली भाषा बंद, 'डोंगरबोली' सुरू. अस्वलाला गावात 'कुमा' म्हणतात, रानात 'इताझु'. चुकून गावचा शब्द तोंडातून गेला तर भर थंडीत अंगावर गार पाणी ओतून घ्यायची शिक्षा. टोळीच्या म्होरक्याला 'शिकारी' म्हणतात. (हो, अगदी आपल्यासारखाच उच्चार! योगायोगच असावा, पण मी उडालो.) या शिकारीचा शब्द शेवटचा. आणि मांसाचे वाटे सगळ्यांना सारखे, गोळी कुणाचीही लागो.

आता मला छळणारा प्रश्न. हे सगळं जर खरं असेल, तर चित्रपटातला म्हातारा मातागींच्याच नियमांनी बघितलं तर चुकतोय की नाही? एकाच अस्वलामागे असं वेडं होणं त्यांच्या धर्मात बसतं का? मला वाटतं बसत नाही, आणि चित्रपटाची सगळी गंमत तिथेच आहे. तुम्हाला काय वाटतं?

खवचट काका
रविवार, सकाळी ७:१०

पहिला!

बाकी सावकाश वाचतो. चहा व्हायचाय.

अनुस्वार
रविवार, सकाळी ८:३१

लेख छान. फक्त 'आनी नावाचा भाग' हे मी तीनदा वाचलं, दर वेळी वाटलं तुम्ही 'आणि' चुकीचं लिहिलंय.

मातागी की माटागी? मराठीत टोकियोचा 'टो' केलाय आपण, तो इंग्रजीच्या कृपेने. जपानी त हा दंत्य, त्यामुळे 'मातागी'च बरोबर. धागाकर्त्याला एक गुण जास्त.

शाकाहारी वाघ
रविवार, सकाळी ९:०५

पॉपकॉर्न (विगन) घेऊन बसलोय. आता इथे 'शिकार ही संस्कृती' विरुद्ध 'शिकार ही हत्या' होणार. चालू द्या.

चित्रवेडी
रविवार, सकाळी १०:४८

पाऊलवाट, धाग्याबद्दल धन्यवाद. या दिग्दर्शकाने अस्वलांचा पिच्छा नंतरही सोडला नाही. १९८७ मध्ये त्यांनी 'इताझु' नावाचाच चित्रपट केला. तुमच्या लेखातला डोंगरबोलीतला शब्द तो हाच.

म्हाताऱ्याची भूमिका करणाऱ्या को निशिमुराबद्दल थोडं अवांतर, कारण हा माणूसच अवांतर करण्याजोगा आहे. कुरोसावाच्या 'योजिंबो'त भाडोत्री गुंडांमध्ये तो होता आणि त्या पात्राचं नाव काय असेल? कुमा. म्हणजे अस्वल! वीस वर्षांनी तोच अस्वलामागे. 'मातागी'साठी त्याला माइनिची चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. पुढे १९८३ पासून टीव्हीवरच्या 'मितो कोमोन' मालिकेत त्याच नावाचा नायक झाला, म्हणजे जपानी घराघरांतला आजोबा.

आणि त्याचे वडील, माकोतो निशिमुरा, जीवशास्त्रज्ञ. त्यांनी १९२८ साली 'गाकुतेनसोकु' नावाचा हवेच्या दाबावर चालणारा यंत्रमानव बनवला, जपानमधला पहिला म्हणतात तो. नावाचा अर्थ 'निसर्गाच्या नियमांपासून शिकणं'. बापाच्या यंत्राचं नाव असं आणि मुलाची सगळ्यात गाजलेली भूमिका डोंगराचे नियम पाळणाऱ्या म्हाताऱ्याची. कादंबरीत लिहिलं असतं तर ओढूनताणून वाटलं असतं.

तुमच्या प्रश्नाबद्दल: चित्रपट म्हणून मला तो म्हातारा चूक वाटला नाही. वेडा वाटला. दोन्हींत फरक आहे.

मुक्ता_२२
रविवार, दुपारी १२:२०

मी सरळच लिहिते. झोपेतून नुकत्याच उठलेल्या जनावराला दहा-पंधरा जणांनी घेरून गोळी घालायची आणि मग त्याच्यासाठी मंत्र म्हणायचे, याने त्या अस्वलाला काय फरक पडतो? देवीने दिलं म्हणून घेतलं, हे तर जगातल्या प्रत्येक शिकाऱ्याने स्वतःला सांगितलेलं असतं. अस्वलाच्या पित्ताचा व्यापार व्हायचा हे कुणी लिहिलंच नाही इथे. देवीची भेट बाजारात विकायची का?

सेंदाईकर
रविवार, दुपारी ४:१५ (जपानात संध्याकाळ)

नमस्कार. बरीच वर्षं ईशान्य जपानातल्या सेंदाई शहरात आहे. इथे एरवी वाचनमात्र असतो, पण या धाग्याने लिहायला लावलं. आनीला दोनदा जाऊन आलोय, एकदा ऑक्टोबरात आणि एकदा ऐन फेब्रुवारीत. दुसऱ्यांदा गेलो तो मूर्खपणा होता.

सेंदाईहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेन) काकुनोदातेला उतरायचं. तिथून एक-दोन डब्यांची नाइरिकु रेल्वे सुटते, ९४ किलोमीटर, डोंगरातून रमतगमत. वाटेत 'आनी-मातागी' नावाचं स्थानकच आहे. जवळच उत्तो इथे गरम पाण्याचं कुंड असलेलं उतारूगृह आहे आणि त्याला लागून मातागींचं छोटं संग्रहालय. तिथल्या वस्तूंसमोर मी तासभर उभा होतो. कातड्याचे कपडे, लाकडी फावड्यासारखी बर्फातली काठी, मुराता बंदूक (मेजी काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली लष्करी बंदूक, पुढे शिकाऱ्यांच्या हाती आली) आणि 'नागासा' नावाचे सुरे. त्यातल्या एका प्रकाराची मूठ पोकळ असते. रानातली काठी तोडायची, मुठीत ठोकायची, झाला भाला. बंदूक चुकली तर हाच शेवटचा सोबती.

मातागींची तीन गावं प्रसिद्ध: नेक्को, उत्तो आणि हिताचिनाई. नेक्को म्हणजे डोंगरांच्या वाटीत ठेवलेलं गाव. १९७५ साली बोगदा होईपर्यंत तिथे डोंगर ओलांडूनच जावं लागे. तो बोगदा आजही एका गाडीपुरता आहे. पलीकडच्या तोंडाशी आलं की एकदम उघडं खोरं आणि घरं दिसतात. मी गाडी थांबवून खाली उतरलो होतो.

आता शिकारीची पद्धत. वसंतात बर्फ घट्ट असतो, झाडांना पालवी नसते, लांबवर दिसतं. 'सेको' म्हणजे आरडाओरडा करणारे खालून वर चढत येतात. हाकललेलं अस्वल सहसा चढाच्या दिशेने पळतं. वर कड्याच्या धारेवर 'बुप्पा' म्हणजे बंदूकवाले हालचाल न करता उभे. आणि समोरच्या डोंगरावरून एक जण अस्वल कुठे वळतंय ते बघून खुणा करतो. अस्वल पडलं की आरोळी: "शोबू!" मग 'केबोकाइ' नावाचा विधी. कातडं सोडवून पुन्हा उलट्या दिशेने धडावर पांघरतात, सुगंधी झुडपाची डहाळी घेतात, 'शिकारी' म्हणजे म्होरक्या मंत्र म्हणतो. जीव देवीकडे परत पाठवायचा.

मुक्ताताई, पित्ताचं म्हणता ते खरं आहे. वाळवलेल्या पित्ताशयाला तोळ्याला तोळा सोनं मिळे, अशी म्हणच होती. आनीचे मातागी ते औषध विकत दूरदूर फिरत. 'ताबी मातागी', म्हणजे फिरस्ते. एचिगो प्रांताचे लेखक सुझुकी बोकुशी १८२८ साली आकियामाच्या दुर्गम खोऱ्यात गेले तेव्हा त्यांना तिथे आकिताहून आलेले शिकारी भेटले, तसं त्यांनी लिहून ठेवलंय. आकिताहून तिथवर पायी! तेव्हा हे लोक फक्त भक्तिभावाने रानात जात असं मी म्हणणार नाही. पोटासाठीच जात. पण पोट आणि भक्ती यांची फारकत आपल्याला करावीशी वाटते, त्यांना वाटत नसावी.

राहिला पाऊलवाट यांचा प्रश्न. मोठा आहे, जेवून लिहितो.

खवचट काका
रविवार, दुपारी ४:४०

सेंदाईकर, दंडवत. इतकी वर्षं वाचनमात्र राहिल्याबद्दल तुम्हालाच गार पाण्याची शिक्षा हवी.

त्या डोंगराच्या देवीबद्दल वाचलं आत्ता. म्हणे ती दिसायला कुरूप आणि भारी मत्सरी. म्हणून बायकांनी शिकारीला यायचं नाही आणि पुरुषांनी निघण्याआधी बायकोपासून लांब राहायचं. देवी खूश राहावी म्हणून सोबत 'ओकोझे' नावाचा वाळवलेला मासा न्यायचा. तो इतका कुरूप की त्याला बघून देवीला वाटतं, चला, माझ्यापेक्षा वाईट कुणीतरी आहे! हसून मेलो. मालकीण बाई आणि मज्जाव बायांनाच. ओळखीचं वाटतंय की नाही?

चित्रवेडी
रविवार, संध्याकाळी ५:०२

काका, अगदी. आणि गोष्ट रचली कुणी? पुरुषांनीच. स्वतःला बायकांविना आठ-पंधरा दिवस रानात जायचंय, तर दोष देवीच्या मत्सराला. वाळका मासा मात्र मस्त आहे. चेहरा आठवून ठेवते, काही मीटिंगांना न्यायला.

तळकोकणी
रविवार, संध्याकाळी ६:३६

सेंदाईकरांचं शिकारीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला, कारण हे मी ऐकलेलं आहे. जपानात नाही, आमच्या वाडीत. माझे आजोबा (आता ८८) डुकराच्या पारधीला जात. हाकारे खालून डबे वाजवत, ओरडत येणार, वर पाणंदीच्या तोंडाशी ठासणीच्या बंदुका घेऊन जाणते बसणार. आधी देवाला गाऱ्हाणं. "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. आणि रानात नावं घ्यायची नाहीत. सापाला 'लांबडं' किंवा 'जनावर'. वाघाचं नाव तर संध्याकाळनंतर घरातही नाही.

वाट्यांचा हिशेब मात्र वेगळा. आमच्याकडे ज्याचा बार लागला त्याला एक वाटा जादा असे, आणि कुत्र्यांचाही वाटा निघे. कुत्रा मालकासारखाच हक्कदार. सगळ्यांना सारखं ही मातागींची पद्धत आजोबांना सांगितली तर म्हणतील, मग नेम धरायचा कुणी!

अर्थात १९७२ च्या कायद्यानंतर हे बेकायदा आहे आणि असायलाच हवं. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक घरात आहे, ती निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निवडणूक झाली की घेऊन यायची, एवढाच तिचा प्रवास. डुकरं दरवर्षी भात लोळवून जातात.

ओताकू पुणेकर
रविवार, संध्याकाळी ७:११

'गोल्डन कामुय' ही मांगा (जपानी चित्रकथा) वाचलेल्यांनी हात वर करा! त्यातला तानिगाकी गेंजिरो हा आनीचाच मातागी. छातीवर जंगल असलेला, मूर्ख पण सोन्यासारखा माणूस. त्याच्या मागच्या गोष्टीमुळे मला मातागी शब्द कळला. चित्रपट मिळवतो.

अवांतर: आकिता जातीचा कुत्रा याच शिकारी कुत्र्यांच्या वंशातला. टोकियोच्या स्टेशनबाहेर वाट बघत बसणारा हाचिको आकिता प्रांतातल्या ओदातेचा. म्हणजे मातागींच्या कुत्र्याचा नातेवाईकच.

अनुस्वार
रविवार, रात्री ८:२५

सेंदाईकर, तो शिकारी नेमका काय मंत्र म्हणतो, माहीत आहे का?

सेंदाईकर
रविवार, रात्री ८:५०

गावागावाप्रमाणे पाठ वेगळे आहेत. काही गुप्त ठेवत, बापाकडून मुलाकडे. पण बऱ्याच मंत्रांच्या शेवटी एक तुकडा येतो: 'आबिराउनकेन सोवाका'. कधी 'आबुराउनकेन'. तीनदा म्हणतात. म्हणणाऱ्यांना शब्दशः अर्थ विचारू नये.

अनुस्वार
रविवार, रात्री ९:१४

थांबा, थांबा. हातातला वडा खाली ठेवला.

'सोवाका' म्हणजे स्वाहा! आणि आबिराउनकेन = अ वि र हूं खं. महावैरोचन बुद्धाचा मंत्र आहे हा. पाच अक्षरं, पाच महाभूतं: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. कूकाइ नावाचा भिक्षू ८०६ साली चीनहून जपानला परतला, त्याने तिथे मंत्रयानाची शिंगोन शाखा रुजवली. आकिताच्या बर्फात अस्वलाच्या धडापाशी उभा राहून एक शिकारी संस्कृत म्हणतोय, आणि इथे मी सकाळी 'मातागी की माटागी' करत होतो.

म्हणजे मातागींवर बौद्ध छाप आहे?

सेंदाईकर
रविवार, रात्री ९:४०

भरपूर. मातागींचे दोन पंथ सांगतात, निक्को आणि कोया. कोया हा शिंगोनच्या पवित्र डोंगराचा, कोयासानचा. त्यांच्याकडे वंशपरंपरेने जपलेल्या गुंडाळ्या असत. निक्कोवाल्यांच्या गुंडाळीतली कथा अशी: बानजी बानझाबुरो नावाच्या तिरंदाजाने देवांच्या भांडणात निक्कोच्या देवाला मदत केली, म्हणून त्याला सगळ्या देशातल्या डोंगरांत शिकार करायची मुभा मिळाली. परक्या प्रांताच्या हद्दीत अडवलं तर हाच दाखला. बौद्धांना प्राणिहत्या निषिद्ध, म्हणून ती मंत्राने धुऊन काढायची सोयही झाली. मुक्ताताईंचा मुद्दा त्यांनाही टोचत होता, हे यावरून दिसतं. न टोचणाऱ्याला मंत्र लागत नाही.

आता मूळ प्रश्न. 'मातागी नेहमी टोळीनेच शिकार करतो, म्हणून एकटा जाणारा म्हातारा चूक' असं कुणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. एकट्याने दबकत जाऊन करायची 'शिनोबी' शिकारही होती. मला खटकतं ते दुसरंच. इथले शिकारी अस्वल 'मारलं' किंवा 'मिळवलं' म्हणत नाहीत. 'सझुकारु' म्हणतात. वरून पदरात पडणं. मूल होतं तेव्हा जपानीत हेच क्रियापद वापरतात. आता पदरात काय पडावं हे मागणाऱ्याने ठरवायचं नसतं. 'मला तेच अस्वल हवं' असं म्हातारा म्हणतो, तिथे तो देवीकडे भेट मागत नाहीये, वसुली करतोय.

पाऊलवाट
रविवार, रात्री १०:०५

हेच! दोन दिवस मला हा शब्द सापडत नव्हता. वसुली.

चित्रवेडी
रविवार, रात्री १०:३०

मला हे पूर्ण पटत नाहीये. नियम काटेकोर पाळणाऱ्या माणसावर कुणी चित्रपट काढत नाही. आणि उलटंही बघा ना. त्याने आयुष्यभर पदरात पडेल तेवढंच घेतलं असेल. म्हातारपणी एकदाच काहीतरी नाव घेऊन मागितलं. एवढंही नको? पंढरीला जाणारे आपले लोक विठोबाशी भांडत नाहीत?

खवचट काका
रविवार, रात्री १०:३८

विठोबाशी भांडतात, पण बंदूक नेत नाहीत.

झाडीपट्टी
सोमवार, सकाळी ६:५०

जंगलाला लागून घर आहे, गडचिरोली जिल्हा. आमच्याकडं अस्वल सिनेमात नाही, मोहाच्या झाडाखाली असते. एप्रिल-मे म्हणजे मोहफुलं आणि तेंदूपत्ता. बाया पहाटं चारला मोहा वेचायला जातात, अस्वलही तेच खायला येते. दोघांनाही एकमेकाचा वास येत नाही, कारण सगळीकडं मोहाचाच वास. अचानक समोरासमोर आलं की अस्वल आधी तोंडावर झेपावते. वाघ परवडला पण अस्वल नको, असं आमचे म्हातारे उगीच म्हणत नाहीत.

तरी कुणी अस्वलाचा सूड घ्यायला निघत नाही. डोंगर-रान त्याचंही आहे असं धरून चालतात. ज्याला हे रानातले शब्द वाचायचे असतील त्यानं मारुती चितमपल्लींची पुस्तकं काढावी. नवेगावबांध-नागझिऱ्यात नोकरीतली बरीच वर्षं गेली त्यांची. पक्षी, प्राणी, झाडं यांचे कोश केले ते रानातल्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांवर. २०२५ च्या जूनमध्ये गेले. ते असते तर या इताझुवर पानभर लिहिलं असतं.

मुक्ता_२२
सोमवार, सकाळी ११:१७

झाडीपट्टी, तुमचा प्रतिसाद वाचून जरा गप्प झाले.

माझा मूळ आक्षेप कायम आहे, पण एक वाचलं ते प्रामाणिकपणे लिहिते. जपानात २०२३-२४ या वर्षात अस्वलांच्या हल्ल्यांत २१९ लोक सापडले, सहा मेले. २०२५ मध्ये तर मृतांचा आकडा दहाच्या पुढे गेला आणि नोव्हेंबरात आकितात सैन्य बोलवावं लागलं. गोळ्या घालायला नाही, पिंजरे वाहून न्यायला आणि लावायला मदत म्हणून. मला वाटलं होतं शिकार कमी झाली की सगळं आपोआप ठीक होईल. असं का झालं, सेंदाईकर?

सेंदाईकर
सोमवार, दुपारी १:५५

एक कारण नाही. बीचच्या झाडाला काही वर्षं फळ धरत नाही, तेव्हा अस्वलं भुकेली खाली उतरतात. हे पूर्वीही होत होतं. पण पूर्वी डोंगर आणि गाव यांच्यामध्ये माणसांचा वावर असलेला पट्टा होता. गवत कापलेलं, सरपण तोडलेलं, कुत्री भुंकणारी. आता गावं म्हातारी झाली, घरं बंद, परसातल्या पर्सिमनच्या झाडाची फळं उतरवायला कुणी नाही. अस्वलाला ती दिसतात. अस्वलाच्या दृष्टीने हद्दच पुसली गेली. शिकारीही म्हातारे झाले.

माझ्या शेजारणीची आई आकितात राहते. गेल्या शरदात ती कचरा टाकायला जातानाही घंटा वाजवत जायची. हे गमतीचं वाटतं, पण आम्ही फोनवर ऐकायचो तेव्हा हसू यायचं नाही.

पिंजरा हा मातागींच्या पद्धतीचा भाग नव्हे. रानात जाऊन, बर्फात उभं राहून, अस्वलाला माणसाचा धाक वाटत राहील अशा रीतीने दरवर्षी थोडीच मारायची, ही त्यांची रीत. त्यांच्यात पूर्ण काळ्या, छातीवर चांदवा नसलेल्या अस्वलाला 'मिनागुरो' म्हणतात. ते देवीचं, मारायचं नाही. ज्याने मारलं त्याने बंदूक खाली ठेवायची, कायमची. असा नियम पिंजऱ्याला पाळता येत नाही.

शाकाहारी वाघ
सोमवार, दुपारी २:२०

पॉपकॉर्न संपले. मारामारी झालीच नाही. या संकेतस्थळाचं काय होणार!

तळकोकणी
सोमवार, रात्री ९:४५

आज आजोबांना फोन केला. हा अख्खा धागा त्यांना वाचून दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून चित्रपटाची गोष्ट पाऊलवाट यांनी लिहिली तेवढी सांगितली. म्हातारा, नातू, कुत्रा, मोठं अस्वल. मग मातागींचे नियम सांगितले. सारख्या वाट्यांवर अपेक्षेप्रमाणे "हॅ!" झालं. गार पाण्याची शिक्षा पसंत पडली. वाळक्या माशावर हसून खोकला लागला.

मग सेंदाईकरांचा मुद्दा सांगितला, की तेच अस्वल हवं म्हणणं चूक. आजोबा बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, त्यांच्या ऐन उमेदीत एक सुळेवाला डुक्कर होता, त्याने त्यांचा कुत्रा फाडला होता. त्यानंतर दोन पावसाळे ते त्याच डुकराच्या मागे होते. गाऱ्हाणं घालताना दर वेळी मनात तोच. दोन वर्षांत दुसरंही काही मिळालं नाही. "देवान आयकल्यान ना, म्हणान दिल्यान नाय," एवढंच म्हणाले. हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. आमच्या बाबांनाही माहीत नव्हतं.

मी विचारलं, मग तो डुक्कर शेवटी मिळाला का? त्याचं उत्तर दिलं नाही. उलट मलाच विचारलं:

"ता सगळा ऱ्हवांदे. सिनेमातल्या कुत्र्याचा काय झाला, ता सांगलंस नाय."

पाऊलवाट
सोमवार, रात्री ९:५८

तळकोकणी, आजोबांसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. इथे फोडणार नाही. त्यांना एकट्यालाच वाचून दाखवा.

खवचट काका
सोमवार, रात्री १०:०१

मलाही करा की व्यनि.